काळी आकृती, साडेपाच हजार किलोमीटर आणि एक बाण

पडद्यावर एक काळी आकृती आहे. नाव नाही, शेजारचे देश नाहीत, समुद्र कोणत्या बाजूला आहे तेही दाखवलेले नाही. आकृती उभट, जराशी तिरकी, डाव्या पावलाच्या ठशासारखी. हा कोणता देश, ते सहा प्रयत्नांत ओळखायचे आहे. काहीच सुचत नाही, म्हणून आपण 'भारत' असे लिहितो. लगेच उत्तर येते : चूक. अंतर सुमारे ५,५०० किलोमीटर, दिशा नैर्ऋत्य, जवळीक ७२ टक्के.

आता दुसरा अंदाज कोणता द्याल? उत्तर पुढे येईलच. पण त्याआधी भिंतीवरच्या नकाशाकडे एक नजर टाका.

हा 'वर्ल्डल' नावाचा खेळ. रोज एकच कोडे, सगळ्या जगाला तेच, आणि सुटले नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहायची. या प्रकाराची लाट आली ती 'वर्डल' या शब्दकोड्यामुळे. जॉश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले आणि २०२२ च्या जानेवारीअखेर 'न्यूयॉर्क टाइम्स'ने विकत घेतले. त्याच महिन्यात आंत्वान तफ यांनी शब्दांच्या जागी देश घालून 'वर्ल्डल' तयार केला. मग 'ग्लोबल' आला (हे नाव 'ग्लोब'वरून), एका देशातून दुसऱ्या देशात सीमा ओलांडत जाण्याचा 'ट्रॅव्हल' आला. रस्त्यावरचे छायाचित्र पाहून जागा ओळखण्याचा 'जिओगेसर' तर त्याआधीचा, २०१३ चा, स्वीडनमधला. आता शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत कुणीतरी मोबाइल पुढे करून "हा कुठला हो?" असे विचारते, तेव्हा बहुधा यांपैकीच एखादा खेळ चालू असतो.

आपल्याकडे भूगोलाचे खेळ नव्हते असे नाही. 'नाव-गाव-फळ-फूल' आपण सगळेच खेळलो आहोत, गावांच्या भेंड्याही लावल्या आहेत. पण 'अ' आल्यावर अंकारा, अक्रा, अम्मान असे धडाधड म्हणणाऱ्या मुलाला यांतले आफ्रिकेत कोणते ते ठाऊक नसले, तरी त्याचा डाव जात नाही. तिथे नावांची साठवण पुरते. वर्ल्डलमध्ये मात्र नाव हे फक्त हत्यार असते. खरे काम जागेशी असते, आणि ते काम चुकीच्या उत्तरातून सुरू होते. वर्गात चुकीचे उत्तर म्हणजे लाल शेरा. इथे चुकीचे उत्तर म्हणजे मोजमाप. माझ्या मते या खेळाकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे ते एवढ्यासाठीच.

ते मोजमाप नीट समजून घेऊ. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणून पृष्ठभागावरचे कोणतेही दोन बिंदू एकमेकांपासून फार तर २०,००० किलोमीटर दूर असू शकतात. त्याहून दूर जायला गेलात, की उलट्या बाजूने जवळ येऊ लागाल. जवळिकीचे टक्के येतात ते याच आकड्यावरून. वीस हजारांतून अंतर वजा करायचे आणि उरलेल्याचे वीस हजारांशी टक्के काढायचे. ५,५०० किलोमीटर म्हणजे १४,५०० उरले, म्हणजे ७२ टक्के. यात एक गोम आहे. ७२ टक्के गुण म्हणजे प्रथम श्रेणी, अशी आपल्याला सवय. पण इथे ७२ टक्क्यांवर असलेला देश दुसऱ्या खंडातही असू शकतो.

भारतापासून ५,५०० किलोमीटरवर असलेल्या सगळ्या जागा जोडल्या तर पृथ्वीगोलावर एक मोठे वर्तुळ तयार होते. बाणाने नैर्ऋत्य म्हटले, की त्या वर्तुळाची एक फाक तेवढी शिल्लक राहते. आठ दिशा समान धरल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला ४५ अंश येतात. सपाट कागदावर ५,००० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात अशा फाकेचा कंस ३,९०० किलोमीटरांहून लांब भरेल. गोलावर तो सुमारे ३,५०० च भरतो. हे का, ते मुलांना पृथ्वीगोलावर दाखवता येते. समजा, आपला अंदाज उत्तर ध्रुवावर आहे. तेथून समान अंतरावरच्या जागांची वर्तुळे म्हणजे आपली ओळखीची अक्षवृत्तेच. ती विषुववृत्तापर्यंत मोठी होत जातात आणि त्यापलीकडे पुन्हा लहान होत दक्षिण ध्रुवाशी एका बिंदूत मिटतात. म्हणजे १०,००० किलोमीटर हे अंतर आले, तर फाकेचा कंस सर्वांत लांब, सुमारे ५,००० किलोमीटरचा. पण १५,००० आले, तर पुन्हा ३,५०० चा. 'अगदीच दूर' असलेला अंदाज 'अर्ध्यावर' असलेल्या अंदाजापेक्षा जास्त सांगून जातो! मुलांना हे विचित्र वाटते. वाटू द्यावे, पृथ्वी गोल आहे हे वाक्य पाठ असणे आणि ते वापरता येणे यांतले अंतर इथेच दिसते.

(बरोबर उलट्या टोकाला कोण आहे, हेही मुले विचारतील. स्पेन आणि न्यूझीलंड एकमेकांच्या पायाखाली आहेत. महाराष्ट्राच्या पायाखाली मात्र प्रशांत महासागर आहे. त्यातल्या त्यात जवळची वस्ती असलेली जमीन म्हणजे चिलीचे ईस्टर बेट.)

आता आपल्या कोड्याकडे येऊ. भारतापासून नैर्ऋत्येला अरबी समुद्र ओलांडला, की आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि हिंदी महासागरातली बेटे येतात. आपण टांझानिया म्हणू. भारताचा मध्य २० अंश उत्तर, ७७ अंश पूर्व असा धरला, तर टांझानियाचे अंतर सुमारे ५,४०० किलोमीटर येते, म्हणजे अंदाज वाईट नव्हता. पण खेळ सांगतो : चूक, अंतर सुमारे २,००० किलोमीटर, दिशा आग्नेय. टांझानियाच्या आग्नेयेला दोन हजार किलोमीटरवर काय आहे? समुद्रात उभे असलेले एक मोठे पाऊल : मादागास्कर. भारतापासून पाहिले तर ही दोन्ही स्थळे एकाच दिशेला, जवळजवळ सारख्याच अंतरावर. एका ठिकाणाहून जे वेगळे दिसत नाही, ते दुसऱ्या ठिकाणाहून पाहिले की वेगळे दिसते. जमीन मोजणारा सर्वेक्षक एका टेकडीवर समाधान न मानता दुसऱ्या टेकडीवर चढतो, तो याच कारणाने. (हे आकडे मी देशांचे मध्य पूर्ण अंशांत धरून काढले आहेत; खेळातले आकडे थोडे पुढेमागे असतील.)

मग किती अंदाज पुरावेत? संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य आणि २ निरीक्षक राष्ट्रे धरली तर १९५ देश होतात. प्रत्येक बाणाने आठांपैकी एक भाग उरतो असे मानले, तर पहिल्या अंदाजानंतर सुमारे २४, दुसऱ्यानंतर ३ आणि तिसऱ्यानंतर एकच देश शिल्लक राहायला हवा. तोही अंतराचा आकडा न वापरता. प्रत्यक्षात देश असे सारखे पसरलेले नाहीत. युरोपात ते दाटीवाटीने बसले आहेत आणि प्रशांत महासागरात विखुरले आहेत, म्हणून हिशेब बिघडतो. तरीही मुद्दा असा, की माहितीची कमतरता नसते. आपल्या डोक्यातला नकाशा अंधूक असतो. अंतराच्या आकड्यांची भीती वाटू नये म्हणून वर्गातला पृथ्वीगोल आणि एक दोरा पुरेसा आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर असतो. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटरांचा. मादागास्कर भारतापासून तेरा सेंटिमीटरवर आहे, हे मोजून पाहिलेले मूल ते सहसा विसरत नाही.

दोरा हातात आहेच, तर त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर ठेवून तो ताणायला सांगा. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या जवळजवळ पश्चिमेला दिसते. ताणलेला दोरा मात्र मुंबईहून निघतो तोच वायव्येच्याही वर, उत्तरेकडे झुकून. चढत चढत तो ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे ध्रुववृत्ताच्या उंबऱ्यापर्यंत जातो आणि मग खाली उतरतो. हा बृहद्वृत्ताचा मार्ग सुमारे १२,५५० किलोमीटरांचा आहे. होकायंत्राची एकच दिशा धरून, नकाशावरच्या सरळ रेषेने गेलो, तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. मग न्यूयॉर्कची 'दिशा' कोणती म्हणायची, पश्चिम की उत्तर-वायव्य? दोन्ही उत्तरांना अर्थ आहे. फक्त आपण कोणते विचारतो आहोत ते ठरवावे लागते. तुमच्या खेळातला बाण यांपैकी कोणती दिशा दाखवतो, ते दूरच्या दोन-चार देशांवर तपासून पाहणे हा आठवी-नववीच्या मुलांसाठी छान उद्योग आहे.

अंतराच्या बाबतीतही असाच प्रश्न आहे. देशापासून देशाचे अंतर म्हणजे कुठून कुठपर्यंत? वर्ल्डल प्रत्येक देशासाठी एक मध्यबिंदू धरतो, म्हणून शेजारच्या देशाचा अंदाज दिला तरी शेकडो किलोमीटर दिसतात. ग्लोबल सीमेपासून सीमेपर्यंत मोजतो, म्हणून लागून असलेल्या देशांचे अंतर शून्य. रशियाची सीमा नॉर्वेला लागते आणि दुसऱ्या टोकाला, अवघी सतरा-अठरा किलोमीटर का होईना, उत्तर कोरियालाही लागते. म्हणजे नॉर्वे आणि उत्तर कोरिया यांच्यामध्ये एकच देश आहे! हे सांगितल्यावर वर्गात थोडा गोंधळ होतो, नकाशा उघडला जातो, आणि तेच तर आपल्याला हवे असते.

मध्यबिंदू म्हणजे काय, हे करून पाहण्यासारखे आहे. जाड पुठ्ठ्यावर महाराष्ट्राचा नकाशा चिकटवून कडेने कापा. कडेला तीन ठिकाणी भोके पाडा. एका भोकातून टाचणीवर पुठ्ठा लटकवा, त्याच टाचणीला ओळंबा सोडा आणि ओळंब्याची रेघ आखा. दुसऱ्या व तिसऱ्या भोकातून असेच करा. तिन्ही रेघा जिथे छेदतात, तो पुठ्ठ्याचा गुरुत्वमध्य. पुठ्ठा पेन्सिलीच्या टोकावर तिथे तोलला जातो. तो कोणत्या जिल्ह्यात येतो ते आधी ओळखायला लावा. मग इंडोनेशियाचा किंवा किरिबातीचा विचार करायला सांगा. बेटाबेटांनी बनलेल्या देशाचा मध्य समुद्रात पडला, तर त्याला काय म्हणायचे?

आता आकृतीबद्दल. तिच्यात दोन फसगती लपलेल्या आहेत. पहिली आकाराची. प्रत्येक देश त्याच चौकटीत बसवलेला असल्यामुळे रशिया आणि मोनॅको सारखेच मोठे दिसतात. दुसरी फसगत जुनी आहे. मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांसाठी जो नकाशा केला, त्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे, आणि आपला भारतही ग्रीनलंडपेक्षा साधारण दीडपट मोठा आहे. ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, भारताचे सुमारे ३२.९ लाख.

पण आकृतीत फसगतीइतकाच इतिहासही असतो, आणि मला स्वतःला खेळातला हा भाग सर्वांत आवडतो. नागमोडी कड दिसली की तिथे नदी, डोंगररांग किंवा समुद्र असण्याचा संभव. सरळ रेघ दिसली की कुणीतरी टेबलावर नकाशा पसरून पट्टीने ती आखली असणार. इजिप्तची दक्षिण सीमा बव्हंशी २२ अंश उत्तर अक्षवृत्तावरून जाते. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेचा मोठा पश्चिम भाग ४९ अंशांवरून. गांबिया हा देश म्हणजे गांबिया नदीच्या दोन्ही काठांची एक चिंचोळी पट्टी, तीन बाजूंनी सेनेगल. नामिबियाच्या ईशान्य कोपऱ्यातून एक लांब बोट बाहेर आलेले दिसते. १८९० च्या करारात जर्मनीने ही पट्टी ब्रिटनकडून घेतली, ती आपल्या वसाहतीला झांबेझी नदीपर्यंत वाट मिळावी म्हणून. त्या वेळच्या जर्मन चान्सलरच्या नावाने ती कॅप्रिव्ही पट्टी म्हणून ओळखली जाते. पण झांबेझीच्या वाटेत पुढे व्हिक्टोरिया धबधबा आहे, त्यामुळे जहाजे समुद्रापर्यंत जाणार कशी, हा प्रश्न उरलाच! अफगाणिस्तानच्या आकृतीलाही पूर्वेकडे असेच एक बोट आहे, वाखानचे. १८९० च्या दशकात रशियन आणि ब्रिटिश साम्राज्यांच्या सीमा एकमेकींना भिडू नयेत म्हणून ते ठेवले गेले. अशी आकृती एकदा कारणासह समजली, की पाठ करावी लागत नाही.

जिओगेसरची रीत आणखी वेगळी. तिथे सीमा नसतातच. एक रस्ता असतो. वाहने कोणत्या बाजूने चालली आहेत, पाटीवर लिपी कोणती, माती लाल की काळी, घरांची छपरे उतरती की सपाट, एवढ्यावरून जागा शोधायची. भारतातल्या रस्त्यांची अशी चित्रे गूगलने जुलै २०२२ मध्ये दहा शहरांपासून सुरू केली. त्यांत मुंबई-पुण्याबरोबर नाशिक आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हीही होती. या खेळात मुरलेले लोक एक नियम सांगतात : दुपारी सूर्य दक्षिणेला असेल तर उत्तर गोलार्ध, उत्तरेला असेल तर दक्षिण गोलार्ध. आपल्या मुलांनी हा नियम तपासल्याशिवाय मान्य करू नये. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. पुण्यात मेच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचे दिवस येतात, आणि त्या दोहोंच्या दरम्यान माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. एखादे चित्र जूनमध्ये टिपलेले असेल, तर नियम पाळणारा खेळाडू पुण्याला सरळ दक्षिण गोलार्धात नेऊन ठेवील. मैदानात एक काठी उभी करून हे पाहता येते, मोबाइल लागत नाही. ढग आडवे आले तर मात्र मेमध्येच उरकून घ्यावे.

या खेळांनी भूगोल येतो का, असा रोखठोक प्रश्न पालक विचारतात. रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांचे दोन गट होते. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचल्यावर तो आठवून लिहून पाहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे. खेळात रोज थोडे आठवावे लागते, हे त्याच्या बाजूने बोलते. पण १९५ देशांतून रोज एक देश आला, तर तोच देश पुन्हा यायला सरासरीने सहा महिन्यांहून जास्त काळ लागेल. एवढ्या अंतराने झालेली उजळणी फारशी कामाची नाही. मग टिकते काय? ज्या देशांचे अंदाज आपण वारंवार देतो, ते. म्हणून खेळणाऱ्या मुलांना बरोबर उत्तरांची नव्हे, चुकलेल्या अंदाजांची वही ठेवायला सांगावी : काय वाटले, का वाटले, किती चुकले.

आणि जे येत नाही तेही सांगायला हवे. मादागास्कर ओळखणाऱ्याला तिथले लोक भात पिकवतात की मका, तिथे पाऊस कोणत्या बाजूला जास्त पडतो, हे आकृती सांगत नाही. नकाशातली जागा ही भूगोलाची सुरुवात आहे. ती येत नसेल तर पुढचे अधांतरी राहते, एवढाच तिचा मान. शिवाय हे खेळ जगाचे तुकडे देशांतच करतात. गंगेच्या किंवा नाइलच्या खोऱ्याची आकृती रोज सकाळी ओळखायला लावणारा खेळ कुणी केला, तर मी तो आनंदाने खेळेन.

वर्गात वापरण्यापूर्वी आणखी एक गोष्ट बघून घ्यावी. परदेशी खेळांतली भारताची आकृती बऱ्याचदा आपल्या अधिकृत नकाशाशी जुळत नाही, विशेषतः जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या बाजूला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो छापून भिंतीवर लावू नये. पण पडद्यावर दिसलाच, तर घाईने झाकू नये. सर्वेक्षण विभागाचा नकाशा शेजारी ठेवावा आणि दोन्हींत फरक कुठे व का, ते मोठ्या मुलांना विचारावे. सीमा म्हणजे डोंगरासारखी निसर्गात आयती सापडणारी वस्तू नव्हे, हे शिकायला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

ज्या शाळेत पडदा नाही, तिथे हाच खेळ 'आजचा जिल्हा' म्हणून खेळता येतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागे महाराष्ट्राचे ३६ जिल्हे गिरवून कापून घ्यावेत. रोज प्रार्थनेनंतर एक तुकडा फळ्यावर लावायचा. अंदाज चुकला, तर ज्या मुलाकडे त्या दिवशी नकाशा असेल त्याने पट्टीने अंतर मोजून दिशा सांगायची. खेळातल्या यंत्राचे काम त्याने करायचे. कात्री चालवतानाच काही गोष्टी मुलांच्या ध्यानात येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्यामधली कड अशी वेडीवाकडी का? कारण तिथून वैनगंगा वाहते. यवतमाळच्या ईशान्येला वर्धा नदी, पुण्याच्या दक्षिणेला नीरा. एक सूचना मात्र आहे : मुंबई शहराचा तुकडा कापायला छोटी कात्री घ्या, आणि तो हरवण्याची तयारी ठेवा.